जुनी गाडी आणि पासिंग: खरेदीपूर्वी या चुका टाळा

सोलापुरात जुनी मोटार घ्यायला निघालेला माणूस सर्वप्रथम मॉडेलबद्दल विचारतो. वॅगनआर बरी की सँट्रो, डिझायर पासिंगला, म्हणजे आरटीओच्या तपासणीला, त्रास देत नाही ना, इंडिका आता घ्यावी का? प्रश्न रास्त आहेत, परंतु गाडी पास होईल की नाही याचे उत्तर केवळ मॉडेलच्या नावात शोधणे ही या व्यवहारातील सर्वांत महागडी चूक आहे. ग्रेट ब्रिटनमध्ये गाडी तीन वर्षांची झाल्यावर दरवर्षी एमओटी ही गाडी रस्त्यावर चालवण्यास योग्य आहे का याची तपासणी सक्तीची असते आणि गाडीच्या क्रमांकावरून तिच्या तपासण्यांचा इतिहास कोणालाही पाहता येतो. तेथेही गाड्या नापास होतात त्या प्रामुख्याने दिवे, टायर, ब्रेक आणि सस्पेन्शन यांमुळे, म्हणजे ज्या गोष्टी मालकाच्या निगराणीवर अवलंबून असतात त्यांमुळेच. आपल्याकडे खासगी मोटारीची अशी वार्षिक तपासणी होत नसल्याने ‘हे मॉडेल हमखास पास होते’ या बोलण्याला गॅरेजमधील अनुभवापलीकडे फारसा आधार नसतो.

दुसरी चूक मुदतीच्या हिशेबात होते. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांसाठी असते. त्यानंतर तपासणी करून ती पाच-पाच वर्षांसाठी वाढवून घ्यावी लागते. टॅक्सी म्हणून नोंदलेल्या गाडीला मात्र पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी फिटनेस प्रमाणपत्र घ्यावे लागते. म्हणून पूर्वी पिवळ्या पाटीवर धावलेली गाडी घेताना जुनी फिटनेस प्रमाणपत्रे अवश्य मागावीत. तारखांमध्ये मोठा खंड दिसला, तर त्या काळात गाडी कोठे आणि कशी होती हे विक्रेत्याला स्पष्ट विचारावे.

आता सोलापूरकरांनी विशेष लक्ष द्यावे अशी एक बाब. १ एप्रिल २०१० रोजी देशातील ज्या १३ शहरांत बीएस-४ हे गाडीच्या धुरातील प्रदूषणाचे (भारत स्टेज) मानक प्रथम लागू झाले, त्यांत मुंबई-पुण्याबरोबर सोलापूरही होते. उर्वरित देशात ते टप्प्याटप्प्याने पोहोचून सर्वत्र लागू व्हायला १ एप्रिल २०१७ उजाडले. त्यामुळे २०१२ सालची एकाच मॉडेलची आणि एकाच रंगाची दोन वाहने समोर उभी असली, तरी सोलापूर शहरात नोंदलेले बीएस-४ आणि शेजारच्या जिल्ह्यातून आलेले बीएस-३ असू शकते. हा फरक किरकोळ नाही. बीएस-४ पेट्रोल मोटारीला पीयूसीच्या (धुराच्या प्रदूषण तपासणीच्या) वेळी कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बन २०० पीपीएमच्या (दर दशलक्षात २०० भागांच्या) आत ठेवावे लागते, तर बीएस-३ ला याच मर्यादा ०.५ टक्के आणि ७५० पीपीएम आहेत. उलट बीएस-४ चे पीयूसी वर्षभर चालते आणि बीएस-३ चे सहा महिनेच. आरसीवर (नोंदणी प्रमाणपत्रावर) मानक कोणते नोंदले आहे ते वाचल्याशिवाय भाव ठरवू नये.

पीयूसीत आकडे वर गेले की अनेकजण थेट इंजिन उघडायला देतात, तीही घाई टाळावी. इंजिन थंड असेल तर धुरातील विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर पुरेसा तापलेला नसतो आणि चांगली गाडीही नापास होते. म्हणून आधी दहा-पंधरा किलोमीटर चालवून मगच केंद्रावर जावे. तरीही हायड्रोकार्बन जास्त येत असेल, तर बहुधा एखादा स्पार्क प्लग नीट पेटत नसतो. कार्बन मोनॉक्साइड जास्त असेल तर धुळीने भरलेला एअर फिल्टर आणि ऑक्सिजन सेन्सर हे दोन आधी पाहावेत. होटगी रोड किंवा अक्कलकोट रोडच्या धुळीत रोज फिरणाऱ्या गाडीचा फिल्टर कंपनीने सांगितलेल्या मुदतीच्या कितीतरी आधी भरतो. हे सर्व ठीक असूनही आकडे उतरले नाहीत, तर कन्व्हर्टर काढून तेथे साधा पाइप जोडलेला नाही ना, हे गाडी रॅम्पवर घेऊन पाहावे.

रॅम्पवर गाडी चढलीच आहे, तर खालून नीट पाहून घ्यावे. मुंबई किंवा कोकणातून आलेल्या गाडीचा पत्रा वरून चकचकीत असला, तरी तळाशी, विशेषतः सस्पेन्शन जेथे जोडलेले असते तेथे, खाऱ्या हवेने पोखरलेला असू शकतो आणि ताज्या काळ्या रंगाखाली तो दिसत नाही. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलके ठोकल्यावर भरीव पत्र्याचा आणि गंजलेल्या पत्र्याचा आवाज वेगळा येतो. सोलापूरच्या कोरड्या हवेत गंज कमी, पण उन्हाने रबर लवकर मरते. सस्पेन्शनचे बुश (सांध्यांतील रबरी भाग), वायपर आणि टायरच्या कडा तडकलेल्या आढळतात. कारच्या टायरला किमान १.६ मिलिमीटर खाच लागते. पासिंगपुरते दुसऱ्याचे टायर लावून आणण्याचा प्रकार सर्रास चालतो. तो मुळीच करू नये, कारण त्याच गाडीत पुढे आपली मुलेबाळे बसणार असतात. ब्रेक दाबताना गाडी एका बाजूला ओढत असेल, तर फेरफटका मारून आल्यावर चारही चाकांच्या रिमजवळ हात नेऊन पाहावा. एकच चाक जास्त तापले असेल तर तेथील कॅलिपर (ब्रेक पॅड दाबणारा भाग) अडकला आहे असे समजावे. उन्हाने पिवळी पडलेली हेडलाइटची काच पॉलिश होते, मात्र जुन्या रिफ्लेक्टरमध्ये बसवलेले एलईडी बल्ब प्रकाश विस्कटतात. मूळ बल्ब लावून दिव्यांचा झोत जुळवून घेणे अधिक सोपे पडते.

यंत्र उत्तम असूनही कागदावर गाडी अडते. चेसी क्रमांक आरसीशी जुळलाच पाहिजे आणि तो स्पष्ट वाचता आला पाहिजे. नंतर बसवलेल्या सीएनजी किटची नोंद आरसीवर हवी, शिवाय टाकीची हायड्रो टेस्टिंग (पाण्याच्या दाबाने मजबुतीची चाचणी) दर तीन वर्षांनी झालेली हवी. विजयपूर, इंडी किंवा कलबुर्गीकडची केए पासिंगची, म्हणजे कर्नाटकात नोंदलेली, गाडी स्वस्त वाटते, पण तिथल्या आरटीओची एनओसी (ना-हरकत प्रमाणपत्र) आणि महाराष्ट्राचा रस्ता कर हे खर्च भावात धरल्याशिवाय तुलना खरी होत नाही.

चौदा वर्षांची गाडी घेणाऱ्याने तर पुढच्याच वर्षीचा खर्च आज मांडावा. पंधरा वर्षे धरायची ती नोंदणीच्या तारखेपासून. २०११ साली नोंदलेल्या गाडीची मुदत २०२६ मध्ये संपते आणि नूतनीकरणाचा अर्ज मुदतीच्या आधीच्या ६० दिवसांत करता येतो. मोटारीसाठी पूर्वी ६०० रुपये असलेले हे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ५,००० रुपये झाले, शिवाय पर्यावरण कर वेगळा. विक्रेत्याला गाडीची खात्री असेल, तर नूतनीकरण त्यानेच करून द्यावे आणि उरलेली रक्कम नवी आरसी हाती आल्यावर घ्यावी, अशी अट टोकन देतानाच लेखी घालावी.