मुंबईच्या दमट हवेत गावरान बियाणे टिकवताना

सेंद्रिय पद्धतीने भाजी पिकवणारे अनेक जण बियाणे मात्र बाजारातल्या पाकिटातूनच आणतात. लाल-गुलाबी रंग चढवलेले बी बहुधा बुरशीनाशक चोळलेले असते, आणि पाकिटावर ‘संकरित’ असे छापलेले असेल तर त्या पिकाचे बी धरून पुढच्या वर्षी तेच गुण मिळत नाहीत. म्हणून सुरुवात गावरान किंवा सरळ वाणानेच (म्हणजे संकरित नसलेल्या, बी धरल्यावर पुढेही तेच गुण देणाऱ्या वाणाने) करावी. गच्चीवर एकदम दहा वाण जमवण्याचा मोह टाळावा. एका घराने एकच वाण नीट सांभाळला आणि शेजाऱ्याने दुसरा, तर सोसायटीपुरते वैविध्य सहज टिकते.

वाल, चवळी आणि टोमॅटो ही बहुतांशी स्वपरागित, म्हणजे स्वतःच्याच परागांनी फळणारी पिके असल्याने नवख्याने त्यांपैकीच एक निवडावे. दुधीचे तसे नसते. शेजारच्या गॅलरीत निराळा दुधी असेल तर कीटक दोन्हींचा संकर करून टाकतात. दुधीची फुले संध्याकाळी उमलतात, त्यामुळे उमलण्याच्या बेतात असलेली मादी कळी दुपारीच पातळ कापडी पिशवीत बांधावी, संध्याकाळी त्याच वाणाच्या, आधीच झाकून ठेवलेल्या नर फुलाचे पराग तिला लावावेत, पिशवी पुन्हा बांधावी आणि फळ धरल्यावर देठाला खुणेचा दोरा बांधावा.

बी धरायचे ते सर्वांत निरोगी झाडांचे, उरल्यासुरल्या शेंगांचे नव्हे. (चांगल्या शेंगा आधी भाजीत जातात, हे घरोघरचे दुखणे आहे.)

मुंबईत खरी कसोटी वाळवणीची असते. शक्यतो पावसाळा सरल्यावर पेरणी करावी, म्हणजे शेंगा कोरड्या हवेत झाडावरच वाळतात. काढलेले बी सावलीत पसरून वाळवावे. वालाचा दाणा दाताखाली दबला तर तो अजून ओला आहे, कट्कन फुटला तर तयार आहे. साधारण ठोकताळा असा की बियांतील ओलावा एक टक्क्याने घटला की त्यांचे आयुष्य जवळपास दुप्पट होते. त्यानंतर घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलची पुडी किंवा चाळलेली कोरडी राख घालून बी ठेवावे. बरणी फ्रिजमध्ये ठेवत असाल, तर बाहेर काढल्यावर ती खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडू नये, नाहीतर आत दव धरते.

मे महिन्यात दहा बिया ओल्या फडक्यात गुंडाळून पाहाव्यात. आठ उगवल्या तर बी वाटण्याजोगे समजावे. पुडीवर वाणाचे नाव, मूळ गाव आणि वर्ष लिहावे. २००१ च्या वनस्पती वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला बियाणे राखण्याचा आणि देवाणघेवाणीचा हक्क दिला आहे. संरक्षित वाणाचे ब्रँडेड बियाणे विकण्यास मात्र मुभा नाही. राहीबाई पोपेरे यांनी अकोले तालुक्यातील कोंभाळण्यात उभारलेली बियाणे बँक अशा जपणुकीवरच वाढली. घेणाऱ्याने हंगामानंतर दुप्पट बी परत करावे, एवढी अट आपल्या सोसायटीतही पुरते. सगळा साठा मात्र एकाच बरणीत ठेवू नये. मूठभर बी गावाकडच्या नातेवाइकांकडे असू द्यावे.