जुन्या ओम्नीच्या इंजिनासाठी वापरलेले हेड घेताय? या चुका टाळा

मारुतीने १९८४ मध्ये बाजारात आणलेली आणि पुढे ओम्नी या नावाने घरोघरी पोहोचलेली व्हॅन २०१९ मध्ये बंद झाली, तरी नागपुरात शाळेची मुले, लग्नाच्या स्वयंपाकाची भांडी आणि कळमन्याचा भाजीपाला वाहणाऱ्या ओम्नी आजही रोज दिसतात. अशा गाडीचा एखादा भाग निकामी झाला की मालक जुन्या सुट्या भागांच्या दुकानाकडे वळतो आणि त्यात काहीही गैर नाही. पारखून घेतलेला कंपनीचा जुना भाग हा नकली नव्या भागापेक्षा केव्हाही चांगला, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र पारखण्याचे कष्ट फार थोडे जण घेतात आणि त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा होताना पाहून मन विषण्ण होते.

हेड, म्हणजे सिलिंडरांवर बसणारे व्हॉल्व्हसहचे झाकण, घेताना सर्वांत मोठी चूक म्हणजे केवळ ‘७९६ सीसी’ या आकड्यावर विसंबणे. ओम्नी, मारुती ८०० आणि अल्टो या तिन्ही गाड्यांत ७९६ सीसीचे तीन सिलिंडरचे इंजिन आहे. सिलिंडरचा व्यास ६८.५ मिलिमीटर आणि स्ट्रोक (पिस्टनच्या वर-खाली चालीचे अंतर) ७२ मिलिमीटर, हेही सारखेच. त्यामुळे ‘सगळे एकच आहे, बसून जाईल’ असे दुकानदारही म्हणतो आणि घाईतला मिस्त्रीही मान डोलावतो. प्रत्यक्षात ओम्नीचे एफ८बी इंजिन सहा व्हॉल्व्हचे (हवा आत घेणाऱ्या आणि धूर बाहेर सोडणाऱ्या झडपांचे), तर अल्टोचे एफ८डी इंजिन बारा व्हॉल्व्हचे आहे, म्हणून अल्टोचे हेड ओम्नीच्या कामाचे नाही. मारुती ८००च्याही काही गाड्यांत बारा व्हॉल्व्हचे इंजिन आले होते, त्यामुळे ‘८००चे आहे’ एवढे सांगणे पुरेसे ठरत नाही. शिवाय ८००चे इंजिन बॉनेटखाली आडवे बसते आणि पुढची चाके फिरवते. ओम्नीचे इंजिन पुढच्या सीटखाली लांबीच्या दिशेने बसते आणि मागची चाके फिरवते. त्यामुळे आतले काही भाग जुळत असले, तरी माउंटिंग, मॅनिफोल्ड (हवा-धुराच्या नळ्यांचा जोड) आणि गिअरबॉक्सकडची बाजू जुळेलच असे गृहीत धरता येत नाही. कार्ब्युरेटरची गाडी आणि एमपीएफआय (इंजेक्टरने इंधन फवारणारी) गाडी यांतही इनटेक मॅनिफोल्ड आणि सेन्सर वेगळे असतात. माझी सवय अशी आहे की खोललेला जुना भाग पिशवीत घालून दुकानात न्यायचा, दोन्ही भाग शेजारी ठेवायचे, ओतीव अक्षरांतले क्रमांक वाचायचे आणि जुने गॅस्केट (हेडखाली बसणारी, गळती रोखणारी पातळ पट्टी) नव्या हेडवर ठेवून पाण्याचे, तेलाचे व बोल्टचे प्रत्येक भोक जुळते का ते पाहायचे. मोबाइलवर आलेल्या छायाचित्रावरून हेड विकत घेणाऱ्याला मी तरी मदत करायला जात नाही.

दुसरी चूक याहून महाग पडते: हेड तपासल्याविना त्याच संध्याकाळी बसवणे. महाल भागातील एका परिचित केटरिंग व्यावसायिकाची ओम्नी ऐन लग्नसराईत, मे महिन्याच्या उन्हात तापून बंद पडली. हेड वाकले होते. दुसऱ्या दिवशीची ऑर्डर चुकू नये म्हणून त्यांनी एका दुकानातून चकचकीत घासलेले हेड आणले, मिस्त्रीने रात्रीतून ते बसवले आणि गाडी सुरूही झाली. आठवडाही उलटला नसेल, तोच रेडिएटरमधले पाणी कमी होऊ लागले, टोपी उघडल्यावर बुडबुडे दिसू लागले आणि सकाळी सायलेन्सरमधून पांढरा धूर येऊ लागला. हेड पुन्हा उतरवून मशीन शॉपमध्ये नेले, तिथे पाण्याचे मार्ग पट्ट्यांनी बंद करून हवा भरली आणि ते गरम पाण्यात बुडवले, तेव्हा दोन व्हॉल्व्ह सीटच्या (व्हॉल्व्ह टेकतो त्या कड्यांच्या) मधल्या तड्यातून हवेची बारीक धार निघाली. दुकानदाराने ‘बसवलेला माल परत घेत नाही’ असे सांगून हात झटकले. गॅस्केट दुसऱ्यांदा, मजुरी दुसऱ्यांदा, हेडही दुसऱ्यांदा, आणि मधल्या काळात भाड्याचा टेम्पो. ही तपासणी आधी करून घेतली असती तर जेमतेम अर्धा दिवस गेला असता.

म्हणून पैसे देण्यापूर्वीच ठरवून घ्यावे की हेड आधी मशीन शॉपमध्ये जाईल आणि तडा निघाल्यास परत घेतले जाईल. हे पावतीवर लिहून द्यायला जो तयार नाही, त्याच्याकडून घेऊ नये. दुकानातच करता येण्यासारखी तपासणी म्हणजे स्टीलची सरळ पट्टी हेडच्या तळावर लांबीला, रुंदीला आणि दोन्ही कर्णांवर ठेवून फिलर गेज (ठरावीक जाडीच्या पातळ पात्यांचा संच) सरकवून पाहणे. ०.०५ मिलिमीटरची पाती खालून जात असेल, तर हेड प्लेन, म्हणजे मशीनवर घासून सपाट, करावे लागेल. आधीच अनेकदा प्लेन झालेले हेड मात्र घेऊ नये, कारण प्रत्येक वेळी त्याची उंची घटते, कॉम्प्रेशन वाढते आणि नागपूरच्या उन्हाळ्यात असे इंजिन ठोके देऊ लागते. कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) हेडच्या धातूतच फिरतो, त्यामुळे त्या जागांवर नखाला लागतील असे खोल ओरखडे असतील तर तो सौदा सोडावा. गाडी एलपीजीवर चालत होती का, हेही विचारावे. त्या इंधनावर व्हॉल्व्ह सीट लवकर झिजून खचतात. वायर ब्रशने चमकवलेल्या हेडपेक्षा काजळी लागलेले हेड मला अधिक विश्वासाचे वाटते, कारण काजळीवरून इंजिन कसे चालले होते ते कळते.

टायमिंग बेल्ट, वॉटर पंप, गॅस्केट आणि ऑइल सील वापरलेले घेऊ नयेत. त्यावर चर्चा करण्याचेही कारण नाही. सेल्फ आणि अल्टरनेटर दुकानातच बॅटरी लावून चालवून पाहावेत. ईसीएम (इंजिनाचा इलेक्ट्रॉनिक नियंत्रक) घेताना लेबलवरचा क्रमांक अक्षरन्‌अक्षर जुळवावा.

आणखी एक चूक मला फार खटकते. शंभर-दोनशे रुपये कमी होतात म्हणून लोक जुना भाग तिथेच बदल्यात देऊन टाकतात. नवा भाग बसून गाडी गरम होईपर्यंत नीट चालल्याची खात्री पटेपर्यंत जुना भाग आपल्याकडेच असावा. स्टड, सेन्सर, ब्रॅकेट यांपैकी काहीतरी त्याच्यावरून काढावे लागतेच आणि मापाचा नमुनाही तोच असतो.

हेडऐवजी पूर्ण इंजिन किंवा ब्लॉक (सिलिंडर असलेला इंजिनाचा मुख्य भाग) घेणार असाल, तर गोष्ट केवळ मिस्त्रीची राहत नाही. ब्लॉकवरचा इंजिन क्रमांक आरसी बुकात नोंदलेला असतो, आणि मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार असा बदल आरटीओच्या मंजुरीने करून नोंदवावा लागतो. गाडी एमएच-३१ ची असो, ४० ची असो वा ४९ ची, ज्या कार्यालयात नोंद आहे तिथे आधी चौकशी करावी. विक्रेत्याकडून इंजिन क्रमांक, मूळ गाडीचा क्रमांक आणि तारीख लिहिलेली पावती घ्यावी, आणि क्रमांक घासलेला किंवा पुन्हा ठोकलेला दिसला तर किंमत कितीही कमी असली तरी त्या ब्लॉकला हात लावू नये.