हॅम रेडिओ : शेजारी बसून शिकलेलं

हॅम रेडिओ म्हणजे परवाना घेऊन हौसेखातर रेडिओवरून इतरांशी बोलण्याचा छंद, आणि तो जोपासणाऱ्यालाही हॅमच म्हणतात. त्या परवान्याच्या परीक्षेचा अभ्यास मी पुस्तकावरून केला होता. ओहमचा नियम, तरंगलांबी, क्यू कोड म्हणजे रेडिओवरचे ठरावीक तीन अक्षरी संक्षेप, सगळं पाठ. तरीही एका जुन्या हॅमच्या शॅकमध्ये, म्हणजे रेडिओच्या खोलीत, पहिल्यांदा जाऊन बसले तेव्हा ७ मेगाहर्ट्झवर काय चाललंय त्यातलं एक अक्षर कळेना. नुसती खरखर, आणि मधूनच कुणीतरी नाकात बोलल्यासारखा विचित्र आवाज. त्या हॅमनी, म्हणजे माझ्या सरांनी, मोठा नॉब केसभर फिरवला आणि त्या आवाजाचा स्वच्छ बोलणारा माणूस झाला. सिंगल साइडबँड या बोलणं पाठवण्याच्या पद्धतीत कॅरिअर, म्हणजे आवाज वाहून नेणारी मूळ लहर, पाठवलेलाच नसतो, तो रिसीव्हरला आपल्याकडून मिसळावा लागतो, म्हणून ट्यूनिंग शे-दोनशे हर्ट्झनं सरकलं तरी आवाज बिघडतो. हे मी वाचलेलं होतं. बोटांना ते त्या दिवशी कळलं.

नव्यानं या छंदात येणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगते : रेडिओ विकत घेण्याआधी कुणाच्या तरी शेजारी बसून ऐका. मी जवळजवळ दोन महिने फक्त ऐकत होते. कुणी मला थांबवून ठेवलं नव्हतं, परवाना हातात यायचा होता, इतकंच. पण ते दोन महिने मिळाले नसते तर मी पुढे बरंच चुकत शिकले असते.

ऐकताना काय कळतं? एक तर बँडचा, म्हणजे फ्रिक्वेन्सींच्या ठरावीक पट्ट्याचा, स्वभाव. दुपारी ४० मीटरवर, म्हणजे त्याच ७ मेगाहर्ट्झच्या बँडवर, काहीशे किलोमीटरच्या आतली माणसं यायची. सूर्य मावळला की त्यांच्या मागून दूरदूरची, कधी दुसऱ्या खंडातली स्टेशनं वर यायला लागायची. दिवसा आयनांबरातला, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित भागातला, डी थर या लहरी बऱ्याच शोषून घेतो. रात्री तो विरतो, आणि लहरी वरच्या एफ थरापर्यंत पोचून तिथून परत वाकतात. याची आकृती पुस्तकात असते. पण आवाज हळूहळू चढताना कानांनी ऐकला की ती विसरता येत नाही. दुसरं म्हणजे शिस्त. फ्रिक्वेन्सी रिकामी वाटली तरी अनुभवी माणूस आधी विचारतो, कुणी वापरतंय का. बोलणाऱ्या दोघांपैकी एकच आपल्याला ऐकू येत असेल, दुसरा येतच नसेल, असं अनेकदा होतं. समोरच्याचा सिग्नल कसा येतोय याचा रिपोर्टही प्रामाणिक हवा. ‘फाइव्ह नाइन’ हा सवयीनं द्यायचा आकडा नाही. पहिला आकडा बोलणं किती समजतंय त्याचा, दुसरा सिग्नल किती जोरदार आहे त्याचा. समोरचा आपली अँटेना त्यावरून तपासत असतो.

हॅमच्या क्लबाचं साप्ताहिक नेट, म्हणजे ठरल्या वेळी रेडिओवर जमायची बैठक, २ मीटर बँडच्या रिपीटरवर, म्हणजे आलेला सिग्नल पुन्हा लांबवर पाठवणाऱ्या स्टेशनवर, चालायचं. परवाना आल्यावर माझा पहिला चेक-इन, म्हणजे हजेरी, तिथेच झाला. हात थरथरत होता, आणि पीटीटी, म्हणजे बोलताना दाबून धरायचं बटण, दाबल्या दाबल्या मी बोलायला सुरुवात केली. त्यामुळे कॉल साइनची, म्हणजे परवान्याबरोबर मिळालेल्या माझ्या ओळखचिन्हाची, पहिली दोन अक्षरं कुणाला ऐकूच गेली नाहीत. आपल्या सिग्नलसोबत जाणारा ठरावीक टोन ओळखून रिपीटर उघडेपर्यंत क्षणभर जातो. नेट कंट्रोलवर असलेल्या, म्हणजे बैठक चालवणाऱ्या, बाईंनी शांतपणे सांगितलं, “दाबा, श्वास घ्या, मग बोला.” दोघांच्या बोलण्यामध्ये थोडी जागा सोडायची, हेही त्यांच्याकडूनच शिकले. कुणाला तातडीचा निरोप द्यायचा असेल तर त्याला त्या फटीतूनच आत यावं लागतं.

सगळ्यांत जास्त शिकवलं ते अँटेनाच्या कामानं. अर्ध्या तरंगलांबीच्या डायपोलचा, म्हणजे मधोमध केबल जोडलेल्या तारेच्या अँटेनाचा, हिशेब सोपा आहे. १४३ ला मेगाहर्ट्झनं भागा, लांबी मीटरमध्ये येते. ७.१ साठी साधारण २०.१ मीटर. पण तार त्याहून थोडी लांबच कापायची. जमिनीपासूनची उंची, आजूबाजूच्या वस्तू, तारेवरचं आवरण या सगळ्यानं आकडा हलतो. जास्तीची तार कमी करता येते, कमी पडलेली जोडत बसावी लागते. दोन्ही बाजूंनी थोडी थोडी कापत एसडब्ल्यूआर, म्हणजे अँटेना रेडिओशी किती जुळतेय ते सांगणारा आकडा, खाली येताना पाहायचा. हे एकट्यानं करू नका. दोर ओढायला एक माणूस, मीटरपाशी एक, आणि विजेच्या तारा किती लांब आहेत यावर नजर ठेवणारा एक हवाच. तार कुठेही तुटून पडली तरी विजेच्या तारेला लागणार नाही इतकं अंतर ठेवायचं. ढग गडगडायला लागले की काम थांबलं, यात तडजोड नाही.

मी स्वतः केलेला पहिला डायपोल दोन दिवस छान चालला. तिसऱ्या दिवशी एसडब्ल्यूआरचा काटा वेड्यासारखा नाचायला लागला. मी तार उतरवून पुन्हा मोजायला निघाले होते. सरांनी अडवलं आणि केबलच्या पलीकडच्या टोकाला अँटेनाऐवजी ५० ओहमचा डमी लोड, म्हणजे अँटेनाच्या जागी चालणारा रोधक, लावायला सांगितला. काटा तरीही नाचत होता. म्हणजे दोष तारेत नव्हताच. कनेक्टर हलवला की आकडा बदलायचा. मी केलेलं सोल्डरिंग वरून चकचकीत होतं, पण आत धातू पुरेसा तापलाच नव्हता आणि शिशानं धरलं नव्हतं. दोष शोधताना साखळी मध्यात तोडायची आणि कोणता अर्धा भाग ठीक आहे ते आधी ठरवायचं, ही सवय मला त्या दुपारनं लावली. पुढे पॉवर सप्लाय बिघडला तेव्हाही तीच उपयोगी पडली.

क्लबाचा फील्ड डे असेल तर चुकवू नका. उघड्या माळावर बॅटरीवर स्टेशन उभं करायचं आणि रात्रभर चालवायचं. नवख्या माणसानं लॉग, म्हणजे झालेल्या संपर्कांची नोंद, लिहायला बसावं, असं माझं ठाम मत आहे. वेळ यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत टिपायची, आणि गोंगाटात अर्धवट ऐकू आलेली कॉल साइन तशीच अर्धवट लिहून ठेवायची. पुढच्या खेपेला उरलेली अक्षरं भरायची. त्या एका रात्रीत माझे कान जितके तयार झाले तितके महिन्यात झाले नव्हते. पहाटे आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक डोक्यावरून गेलं. तिथल्या हॅम स्टेशनचा आवाज १४५.८०० मेगाहर्ट्झवर येतो. हातातली यागी, म्हणजे एका दिशेला रोखायची अँटेना, फिरवत मी जेमतेम दहा मिनिटं त्याचा माग काढला. डॉपलर परिणामामुळे, म्हणजे स्थानक जवळ येऊन मग लांब जात असल्यानं, फ्रिक्वेन्सी आधी थोडी वर आणि मग खाली सरकते, हे मी तेव्हा प्रत्यक्ष अनुभवलं.

एफटी८ या संगणकावरून चालणाऱ्या संदेशपद्धतीबद्दल नवखे फार विचारतात. १५ सेकंदांच्या खेपांमध्ये, कानाला ऐकूही न येणारे सिग्नल संगणक उकलतो. अप्रतिम काम आहे ते. पण सुरुवात तिथून करू नका. कान तयार व्हायच्या आधीच ऐकण्याचं काम संगणकाकडे जातं.

क्लब कसा शोधायचा? बहुतेक देशांत हॅमची राष्ट्रीय संघटना असते, १९२५ साली पॅरिसमध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय संघाची सदस्य. तिथे विचारलं की जवळचे क्लब कळतात. मी आधी गेले त्या एका क्लबात नवख्यांच्या प्रश्नांना उत्तरच मिळत नसे. तसं झालं तर दुसरीकडे जा, छंद सोडू नका. पहिला रेडिओ घेताना तुमच्या भागातले लोक कोणत्या बँडवर बोलतात ते आधी पाहा, नाहीतर रेडिओ असेल आणि बोलायला कुणी नसेल. परवाना नसताना पीटीटीला हात लावू नका. परवानाधारकाच्या देखरेखीखाली बोलू देण्याची मुभा काही देशांत आहे, तुमच्याकडे आहे का ते क्लबातच विचारा.

आणि पहिल्या भेटीला जाताना वही, पेन आणि स्वतःचा हेडफोन न्या. एका रेडिओला दोन हेडफोन जोडणारा दुभाजक बहुतेक शॅकमध्ये सापडतो. तो लावून घ्या, म्हणजे शेजारचा माणूस नॉब फिरवताना जे ऐकतोय तेच, त्याच क्षणी, तुम्हालाही ऐकू येईल.