काकडीच्या शेजारी काय लावावं, काय टाळावं

कोल्हापूरच्या परसात काकडी दोनदा लावता येते, उन्हाळी आणि पावसाळी. सोबतीची पिकं पहिल्यांदाच करून बघत असाल, तर उन्हाळी हंगामच धरा. जुलै-ऑगस्टच्या झडीत पानांवर केवडा, म्हणजे पिवळ्या डागांचा रोग, येतो आणि वाफ्यात दाटी असली की तो झपाट्यानं पसरतो.

१० फूट बाय ४ फुटांच्या वाफ्यात दोन पाट्या कुजलेलं शेणखत मिसळा. जानेवारीच्या मध्याला पश्चिमेच्या कडेनं फुटाफुटावर मका टोका. मका गुडघ्याएवढा झाला, की त्याच्यापासून दीड फूट सोडून २ फुटांच्या अंतरानं काकडीचं बी २ सेंमी खोल लावा. बहुतेकांचं इथंच चुकतं. दोन्ही एकाच दिवशी टोकलं, तर काकडीचा वेल कोवळ्या मक्याला लोळवतो. मका दुपारची सावली देण्यापुरता. वेलाला बांबू आणि सुतळीच हवी.

पूर्वेच्या कडेला बुटकी चवळी लावा. तिच्या मुळांवरच्या गाठी नत्र धरतात, पण त्याचा खरा फायदा पुढच्या पिकाला, तोही मुळं जमिनीतच ठेवली तर. शेंड्यावर काळा मावा, म्हणजे रस शोषणारी बारीक कीड, दिसला की शेंडा खुडून टाका. मावा काकडीवर विषाणू आणतो.

झेंडू चारही कोपऱ्यांत लावा. चार झाडांनी सूत्रकृमी, म्हणजे मुळांना लागणारे सूक्ष्म जंत, हटत नाहीत, त्यासाठी अख्खा वाफा दोन-तीन महिने झेंडूचाच ठेवावा लागतो. इथं तो मधमाशांसाठी. मादी फुलामागं बोटाच्या पेराएवढी काकडी असते. ती पिवळी पडून गळत असेल, तर बहुधा परागीभवन कमी पडतंय. मग सकाळी नर फूल तोडून त्याचे पराग मादी फुलाला लावा.

दोडका, भोपळा, कारलं जवळ नको. फळमाशी या सगळ्यांवर येते. लाल भुंगेरे दोडका-भोपळ्यावरही येतात, कारल्यावर मात्र क्वचितच. भुंगेरे सकाळी सुस्त असतात, तेव्हा वेचून साबणाच्या पाण्यात टाका.

कारल्याशेजारी काकडी कडू होते हा मात्र गैरसमज. कडूपणा बऱ्याचदा पाण्याच्या ताणानं येतो. बुंध्यापासून चार बोटं सोडून उसाचं पाचट ३ इंच पसरा आणि ओल एकसारखी ठेवा. पाचट मातीत मिसळू नका. कुजताना ते नत्र ओढून घेतं आणि वेल पिवळा पडतो.