फॅटी लिव्हर: संध्याकाळ सांभाळा, बाकीचं जमतं

सोनोग्राफीच्या रिपोर्टवर ‘ग्रेड १ फॅटी लिव्हर’ असं छापून आलं की घरातून आधी तूप हद्दपार होतं. मग कुणी कारल्याचा रस सुचवतं, कुणी रिकाम्या पोटी लिंबू-मध. चहाबरोबरची बिस्किटं मात्र जागची हलत नाहीत. आमच्या घरात आधी यजमान, मग धाकटे दीर आणि शेवटी सासूबाई, असं सगळ्यांचं पथ्य मी चालवलंय. त्यामुळे स्पष्टच सांगते: पोळीवरच्या चमचाभर तुपाने एवढं बिघडत नाही. गरजेपेक्षा जास्त पोटात गेलेली साखर आणि पिठूळ पदार्थ यांची लिव्हर चरबी करून ठेवतं, आणि आपल्या दिवसभराच्या खाण्यात भरणा असतो तो त्यांचाच.

आधी रिपोर्ट नीट समजून घ्या

सोनोग्राफीची ग्रेड चरबी किती दिसते एवढंच सांगते. लिव्हर आतून कडक व्हायला लागलंय का, हे तिच्यावरून कळत नाही, आणि खरी काळजी त्याचीच. डॉक्टरांना ‘एफआयबी-४’, म्हणजे लिव्हरच्या कडकपणाचा अंदाज देणारा आकडा, किती येतो ते विचारा. वय, एसजीओटी आणि एसजीपीटी (रक्ताच्या तपासणीत दिसणारी लिव्हरची एन्झाइम्स) आणि प्लेटलेट्स यांवरून तो काढतात. साधारण १.३ च्या खाली असेल तर बहुतेकांचं काम घरच्या बदलांवर भागतं. वर असेल तर फायब्रोस्कॅन, म्हणजे लिव्हर किती कडक झालंय ते मोजणारी तपासणी, टाळू नका. (पासष्टीच्या पुढे ही मर्यादा २ धरतात.) हिपॅटायटिस बी आणि सी, रक्तातली साखर आणि थायरॉइड याच वेळी तपासून घ्या.

सिरॉसिस, म्हणजे लिव्हर व्रणांनी भरून कडक झालेलं, असं सांगितलं असेल तर इथेच थांबा. त्याचं पथ्य वेगळं असतं आणि त्यात फार वेळ उपाशी राहणं धोक्याचं. मधुमेहाची औषधं किंवा इन्सुलिन चालू असेल तर जेवण बदलण्याआधी डॉक्टरांशी बोला, नाहीतर साखर अचानक खाली येईल.

किती वजन उतरवायचं

शरीराच्या वजनाच्या ३ ते ५ टक्के उतरलं तरी लिव्हरमधली चरबी कमी होते. सूजही उतरायची असेल तर ७ ते १० टक्के लागतात. म्हणजे ८० किलोच्या माणसाने साधारण ६ ते ८ किलो. आठवड्याला अर्धा किलो, फार तर एक. ‘महिन्यात दहा किलो’वाल्या पावडरींच्या वाटेला जाऊ नका. झपाट्याने वजन उतरलं की पित्ताशयात खडे होऊ शकतात आणि लिव्हर आणखी बिघडू शकतं.

‘मी तर बारीक आहे’ म्हणणाऱ्यांनी टेप घेऊन कंबर मोजावी. पुरुषांची ९० आणि बायकांची ८० सेंटिमीटरच्या वर गेली असेल तर हे सगळं त्यांनाही लागू आहे.

साखर आणि ताट

चहा दोन वेळा, साखर निम्मी, आणि महिन्याभराने तीही बंद. गूळ आणि मध लिव्हरला वेगळे कळत नाहीत. ज्यूस आणि उसाचा रस नको, फळ अख्खं चावून खा. कॉफी बिनसाखरेची चालते, उलट लिव्हरला चांगलीच. दारू बंद. ‘फक्त बिअर’ ही दारूच.

ताटात पोळी-भाकरी किंवा भात, दोन्हींतलं एक. वरण घट्ट आणि दोन वाट्या, कारण पातळ वरणात डाळ नावालाच असते. भाजी भाताच्या दुप्पट. तेल चार माणसांना महिन्याला अडीच लिटरच्या आसपास पुरायला हवं. कॅन आणला त्या दिवशीच त्यावर तारीख लिहून ठेवा, सगळा हिशोब आपोआप समोर येतो.

इथपर्यंत सगळ्यांनाच जमतं.

संध्याकाळी सहा ते नऊ

पथ्य मोडतं ते इथे. सकाळी ओट्स, दुपारी भाकरी-उसळ, सगळं शिस्तीत. आणि संध्याकाळी साडेसहाला घरात पाऊल टाकलं की हात फरसाणाच्या डब्यात. माझाही सगळ्यात जास्त वेळ याच गाठीने खाल्ला. ‘मनावर ताबा ठेवा’ असं सांगणाऱ्यांनी कधी डोंबिवली फास्टमध्ये उभं राहून, दुपारी एकला खाल्लेल्या डब्यावर घर गाठून दाखवावं. दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणात आठ-साडेआठ तासांचं अंतर पडतं. त्या वेळची भूक खरी असते, तिला खादाडपणा म्हणू नका. तिला अन्न द्यायचं सोडून आपण चहा-खारी देतो. मग आठ वाजता ओट्याशी उभ्याउभ्या चिवडा, साडेनऊला पोटभर जेवण आणि साडेदहाला अंथरूण.

उपाय एकच: रात्रीच्या जेवणातला निम्मा भाग उचलून साडेपाच-सहाला आणायचा. संध्याकाळी जेवायचंच, अर्धं. त्यात प्रथिनं असलीच पाहिजेत, नाहीतर तासाभरात पुन्हा भूक लागते. मोड आलेल्या मटकीची वाटीभर उसळ, नाहीतर दोन मुठी फुटाणे आणि ताक, दोन उकडलेली अंडी, मुगाचं एक धिरडं, यातलं काहीही. भाजक्या पोह्यांचा ‘डाएट चिवडा’ नको, तेही पोहेच. मखान्यांवर पैसे घालवायची गरज नाही. मारी बिस्किटाला औषध समजणाऱ्यांनी पुड्यामागचा मजकूर वाचावा: मैदा, साखर, तेल.

नोकरदारांना यासाठी दुसरा डबा लागतो, आणि घरोघरी विरोध त्यालाच होतो. ‘लोक काय म्हणतील’ हे मी यजमानांकडून पुष्कळ ऐकलं. डबा लहान घ्या, घट्ट झाकणाचा. उसळ कोरडी करा, रसाची सांडते आणि बॅगेला वास राहतो. कांदा घालू नका, संध्याकाळपर्यंत उग्र होतो. लिंबाची फोड वेगळ्या कागदात. आणि खायचं ते ऑफिसातून निघण्याआधी, टेबलावरच. ‘गाडीत खाईन’ म्हणालात तर डबा भरलेला घरी येतो आणि स्टेशनबाहेरचा वडापाव पोटात.

हे सगळं आदल्या रात्री ठरलेलं पाहिजे. संध्याकाळी पाचला ‘आज काय खाऊ’ असा विचार सुरू झाला की उत्तर नेहमी तळलेलंच येतं. रविवारी मटकी आणि मूग भिजवून बांधा, मोड आले की फ्रीजमध्ये ठेवा, तीन-चार दिवस निघतात. आणि फरसाण घरात आणूच नका. ‘पाहुण्यांसाठी’ आणलेला डबा पाहुणे येण्याआधीच संपतो, हे आपल्याला ठाऊक आहे. पाहुण्यांना शेंगदाणे द्या, पोहे करून द्या, त्यांचं काही अडत नाही.

रात्री मग भूक आपोआप आवरते. एक भाकरी, भाजी, आमटी, पुरे. रात्रीचा भात सगळ्यांनीच सोडायला हवा असं मला वाटत नाही. कोकणातल्या माणसाला भाताविना झोप येत नाही, त्याने भाकरी सोडावी आणि भाताची एक वाटी घ्यावी, दुसऱ्यांदा न वाढून घेता. पातेली टेबलावर आणू नका, ताटं स्वयंपाकघरातूनच वाढून आणा. माझ्या मते एवढ्या एका सवयीने कुठल्याही तक्त्यापेक्षा जास्त काम होतं. जेवण आणि झोप यांत दोन तास तरी ठेवा. घरी यायलाच दहा वाजत असतील तर रात्री नुसती आमटी-भाजी घ्या आणि सहाचं खाणं थोडं वाढवा.

पहिला आठवडा घरात चिडचिड होते. सासूबाईंना सहा वाजता खाणं म्हणजे आजारपण वाटायचं. त्यांना मी दिवेलागणीनंतर लगेच धिरडं वाढायला लागले, पथ्य हा शब्द न काढता.

उपवास

साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ स्टार्च, प्रथिनं नाहीतच. त्याच्या खिचडीत वर बटाटा आणि तूप. एकादशी, चतुर्थी, श्रावणी सोमवार धरले तर हा पदार्थ ताटात वरचेवर येतो. भगर थोडी आणि दाण्याची आमटी बेताची, सोबत काकडीची कोशिंबीर आणि ताक, असं करा. किंवा सासूबाईंच्या पिढीने निभावला तसा खराच उपवास करा, अर्थात मधुमेह नसेल तर.

व्यायाम

आठवड्याला १५० मिनिटं, दम लागेल इतकं भरभर चालणं. वजनाचा काटा हलला नाही तरी लिव्हरमधली चरबी व्यायामाने कमी होते, त्यामुळे काट्याकडे बघून सोडून देऊ नका. आठवड्यातून दोनदा स्नायूंचा व्यायाम: खुर्चीवरून हात न टेकता ऊठ-बस, भिंतीला टेकून जोर. रात्री जेवणानंतर घड्याळ लावून १५ मिनिटं चाला.

काढे आणि ‘लिव्हर टॉनिक’

इथे माझा आवाज चढतो. कोविडच्या काळात गुळवेल घेतल्यानंतर लिव्हरला इजा झालेले रुग्ण मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवले. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष मान्य केला नाही. तो वाद त्यांच्यात राहू द्या. तुमचं लिव्हर आधीच त्रासलेलं आहे, त्यावर घरी प्रयोग नकोत. जे काही घ्याल, वैद्यांचं असो की डॉक्टरांचं, दोघांनाही सांगून घ्या. व्हिटॅमिन ई च्या गोळ्याही शेजारणीने सांगितल्या म्हणून सुरू करू नका.

पुन्हा तपासणी

दर महिन्याला सोनोग्राफी करू नका, पैसे वाया जातात. दर रविवारी सकाळी पोट साफ झाल्यावर वजन आणि कंबर लिहा. तीन महिन्यांनी एसजीपीटी, साखर आणि ट्रायग्लिसराइड्स (रक्तातली चरबी) तपासा. फायब्रोस्कॅन डॉक्टर सांगतील तेव्हा, साधारण सहा महिन्यांपासून वर्षाच्या अंतराने, शक्यतो त्याच केंद्रात आणि तीन तास उपाशीपोटी, नाहीतर आकडा वर दिसू शकतो. मधल्या काळात डोळे पिवळे झाले, पायांवर किंवा पोटात सूज आली, उलटीत रक्त किंवा शौच डांबरासारखी काळी दिसली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.