जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकताना या चुका टाळा

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ च्या अटींत न बसणारे कितीतरी धडधाकट लॅपटॉप घरोघरी पडून राहिले. कंपन्यांनी काढलेले असेच लॅपटॉप ठाण्यात, वाशीत रिफर्बिश्ड म्हणून स्वस्तात मिळतात. त्यांवर लिनक्स, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टीम, छान चालतं, एखाद्या मुलाचं अख्खं इंजिनिअरिंग त्यावर निघतं. पण लिनक्स टाकलं, वाय-फाय दिसेना, म्हणून लॅपटॉप परत कपाटात, असं फार वेळा होतं. याचं वाईट वाटतं, कारण बहुतेक अडचणी सुटण्यासारख्या असतात. आत चिप कोणती आहे, एवढंच कुणी बघितलेलं नसतं.

आधी डिस्क पुसू नका

लिनक्स पेनड्राइव्हवरून लाइव्ह मोडमध्ये, म्हणजे डिस्कवर काही न टाकता, सुरू करा आणि अर्धा तास नीट वापरा. वाय-फाय, आवाज, कॅमेरा बघालच, पण झाकण मिटून पुन्हा उघडूनही बघा. स्लीपमधून परत न येणारा लॅपटॉप रोजच्या वापरात नकोसा होतो. विंडोज अजून शाबूत असेल तर बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्कवरच्या कुलुपाची) रिकव्हरी की लिहून ठेवा, बायोसमध्ये (लॅपटॉप सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) काही बदललं की ती मागितली जाऊ शकते.

इन्स्टॉलरला डिस्कच दिसली नाही तर ती खराब झाली असं समजू नका. इंटेलच्या बऱ्याच लॅपटॉपांत स्टोरेज आरएसटी मोडवर असतं, ते बायोसमध्ये एएचसीआय मोडवर आणलं की डिस्क दिसते. विंडोजही ठेवायचं असेल तर हा बदल सेफ मोडमधून करा, नाहीतर विंडोज सुरूच होणार नाही.

मॉडेलच्या नावावर जाऊ नका

टीपी-लिंकच्या डब्ल्यूएन७२२एन या डोंगलचं (यूएसबीत लावायच्या वाय-फाय उपकरणाचं) उदाहरण बघा. पहिल्या आवृत्तीत अ‍ॅथेरॉसची चिप होती, लिनक्सवर लगेच चालणारी. दुसऱ्या आवृत्तीपासून रिअलटेकची आली, खोक्यावर नाव तेच. लॅपटॉपांचंही असंच असतं. म्हणून टर्मिनलमध्ये एलएसपीसीआय ही कमांड (lspci -nnk) चालवा, पुढे एनएनके हा पर्याय द्या. डोंगलसाठी एलएसयूएसबी (lsusb). नेटवर्क कंट्रोलरच्या ओळीत कोलनने जोडलेले चार-चार अक्षरांचे दोन गट दिसतील. १४ई४:४३६५ दिसलं तर ती ब्रॉडकॉमची बीसीएम४३१४२. खाली 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' ही ओळच नसेल, तर ड्रायव्हर लागलेला नाही. नेटवर उपाय शोधायचा तो या आकड्यांनी.

मिळेल तो ड्रायव्हर बसवू नका

विंडोजच्या ड्रायव्हरची फाइल इथे कामाची नाही. गिटहबवरून कुणाचा तरी कोड घेऊन कंपाइल करणं हा शेवटचा उपाय, आणि तो डीकेएमएसशिवाय (दर नव्या कर्नलसाठी ड्रायव्हर आपोआप पुन्हा बनवणाऱ्या सोयीशिवाय) केलात तर कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, पुढच्या अपडेटला वाय-फाय पुन्हा गायब. आधी नव्या कर्नलची लिनक्स आवृत्ती लाइव्ह चालवून बघा. रिअलटेकच्या ८८२१सीयूसारख्या यूएसबी चिपांचा ड्रायव्हर कर्नल ६.२ पासून आतच आहे. डेबियन या लिनक्सच्या प्रकारानेही जून २०२३ च्या १२ व्या आवृत्तीपासून बंद फर्मवेअर (चिप चालवणारं, कोड खुला नसलेलं सॉफ्टवेअर) अधिकृत इन्स्टॉलरमध्ये द्यायला सुरुवात केली, तेव्हा इन्स्टॉलरची जुनी आयएसओ फाइल वापरू नका.

बीसीएम४३१४२ ला मात्र ब्रॉडकॉमचा स्वतःचा ड्रायव्हर लागतो. लिनक्स मिंटमध्ये तो ड्रायव्हर मॅनेजरमधून मिळतो. त्यासाठी नेट हवं, तर अँड्रॉइड फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा.

निळा पडदा सोडू नका

सगळ्यात जास्त लोक अडकतात ते इथे. सिक्युअर बूट (फक्त ओळखीची सही असलेलं सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) चालू असेल तर असा कर्नलबाहेरचा ड्रायव्हर बसवताना एक पासवर्ड ठरवायला सांगतात. रीस्टार्ट झाल्यावर निळा पडदा येतो, कुठलीही कळ दाबा म्हणतो आणि दहापासून उलटी मोजणी सुरू करतो. तेवढ्यात कळ दाबून 'एनरोल एमओके' (ड्रायव्हरच्या सहीची की नोंदवणं) निवडायचं आणि तोच पासवर्ड द्यायचा. लोक चहा घ्यायला उठतात, पडदा निघून जातो, ड्रायव्हर बसलेला दिसतो पण चालत नाही. मग सगळं लिनक्स पुन्हा टाकलं जातं. त्याची गरज नाही, मोकयूटिल (mokutil) या कमांडने तीच की पुन्हा नोंदणीला लावा आणि रीस्टार्ट करताना समोर बसा.

प्रिंटर विसरू नका

सोसायटीच्या ऑफिसात एचपीचा लेझरजेट १०२० असेल तर त्याचं फर्मवेअर प्रिंटरमध्ये साठत नाही. दर वेळी चालू केला की संगणकाने ते पाठवावं लागतं. एचपीचं लिनक्ससाठीचं सॉफ्टवेअर एचपीलिप टाका आणि एचपी-प्लगइन (hp-plugin) ही कमांड चालवा.

न चालणाऱ्या कार्डाशी झगडत बसू नका

इंटेलचं वाय-फाय कार्ड घाला. मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जाण्याआधी लॅपटॉप उघडून स्लॉट एम.२ आहे की जुना मिनी पीसीआयई, ते बघा. एम.२ असेल तर एएक्स२०० घ्या. एएक्स२०१ दिसायला तसंच असतं, पण ते ठरावीक इंटेल चिपसेटवरच चालतं. आणि पैसे देण्याआधी तुमच्या मॉडेलच्या बायोसमध्ये मान्य कार्डांची यादी आहे का, तेही शोधा. काही जुने लॅपटॉप यादीबाहेरचं कार्ड दिसलं की सुरूच होत नाहीत.