जुना 'ईगल' हाती आला तर

14 एप्रिल 1950 ला सुरू झालेला ब्रिटिश कॉमिक साप्ताहिक 'ईगल' आकाराने मोठा. त्यामुळे अमेरिकी कॉमिक्सची तयार पिशवी घेऊ नका, आधी अंक मोजा आणि चारही बाजूंनी अर्धा सेंटिमीटर मोकळी जागा राहील अशी पॉलिएस्टरच्या पारदर्शक फिल्मची पिशवी घ्या. पीव्हीसी नकोच, ते कालांतराने चिकट होऊन शाई ओढतं.

खरेदीपूर्वी पानं मोजा. मधलं जोडपान बहुधा यंत्रांच्या आतल्या रचनेच्या रंगीत चित्राचं असतं. पोरं तेच काढून भिंतीला लावायची, म्हणून तिथेच आधी बघा. कूपन कापलेलं आहे का, तेही पाहा.

तारेच्या पिनेला गंज चढला असेल तर ती ओढू नका, भोक फाटतं. मधलं पान उघडा, पिनेखाली जाड कागदाचा तुकडा सरकवा, बोथट सुरीने दोन्ही टोकं सरळ करा आणि पीन कण्याच्या, म्हणजे अंकाच्या घडीच्या, बाहेरून हळूच काढा. त्याच भोकांतून सुती दोरा ओवला की झालं. फाटक्या पानाला सेलोटेप? अजिबात नाही. त्याचा गोंद पिवळा पडतो आणि डाग जात नाही. जपानी कागदाची (दुरुस्तीसाठीचा पातळ, चिवट कागद) पट्टी आणि गव्हाच्या स्टार्चची पातळ खळ पुरते.

पिशवीत मागे आम्लरहित पुठ्ठा घाला. 15-20 अंक आडवे रचा, त्याहून उंच थप्पी नको. मुंबई-कोकणात पावसाळ्यात डब्यात सिलिका जेल हवंच, नाहीतर बुरशी.

लॅमिनेशन मात्र करू नका. ते परत निघत नाही.